तिकिराक ते कांगिक, पन्नास मिनिटं

तिकिराक,
एप्रिलचा शेवटचा सोमवार

प्रिय रोडा,

प्रिय लिहिलंय ते सवयीने. आत्ता या घटकेला तू मला मुळीच प्रिय नाहीस. तीन कागद फाडून झाले, हा चौथा. नवरा म्हणून सगळं ऐकून घेणारा पौलुसीही मघाशी म्हणाला, "ही वही मी शिकारीच्या नोंदींसाठी आणली होती, तुझ्या बहिणीवरच्या रागासाठी नाही." तेव्हा आता फाडणार नाही, जे येईल ते लिहिणार. तुझी मुलगी सहा आठवड्यांची झाली. आई जाऊन सहा महिने उलटले. आणि आईचं नाव तू अजून त्या पोरीला दिलेलं नाहीस. मला एवढंच म्हणायचंय. म्हणजे आणखीही पुष्कळ म्हणायचंय, पण सगळ्याच्या मुळाशी हेच आहे.

तुझ्या सासऱ्यांचं नाव दिलंस, कपिक. दिलंस ते दिलंस. म्हातारा चांगला होता, माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही, त्याचं नाव चालू राहावं असं तुझ्या सिमिओनीला वाटलं तर त्यात गैर काय? पण आपल्यात एका लेकराला चार-पाच नावं असतात. मला पाच आहेत, तुला चार. तिला आणखी एक दिलं म्हणून पोर काय फुटणार आहे? फोनवर विचारलं की तुझं आपलं ठरलेलं, "बघू गं ताई." सहा आठवडे तू बघतेयस आणि ती रडतेय. तिकडची नर्सबाई म्हणते पोटात गॅस धरतो. ती दक्षिणेतून आलेली, तिने गॅसच म्हणायचं. पण तूही मान डोलावून थेंब घेऊन घरी आलीस? बाळ असं सारखं रडायला लागलं की त्याला हवं ते नाव मिळालेलं नसतं, हे आपल्याकडे सहा वर्षांचं पोरसुद्धा सांगेल. इथे मी दुकानात मीठ आणायला गेले तरी म्हाताऱ्या त्या पोरीबद्दल विचारतात, "काय गं कूनू, थांबली का तुझी आई रडायची?" काय सांगू त्यांना? मी मीठ घेते आणि घरी येते.

आणि हे तुला समजत नसेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. आईचे वडील गेले आणि महिन्याभराने तू जन्मलीस. आईने तुला त्यांचं नाव दिलं, आकुमालिक, आणि त्या दिवसापासून तू तिचा बाप झालीस. आठवतंय ना? तू तीन वर्षांची, नाकाला शेंबूड, आणि आई तुझ्यापुढे ताटली ठेवून म्हणायची, "बाबा, गरम आहे तोवर खाऊन घ्या." सीलच्या काळजाचा पहिला तुकडा बाबांना. झोपायची चांगली जागा बाबांना. तू उकळत्या चहाची किटली लवंडलीस तेव्हा आईने तुला उचलून छातीशी धरलं आणि ओरडली माझ्यावर, की तुझं लक्ष कुठे होतं. मी रडत विचारलं की तिला का नाही ओरडत, तर म्हणाली, "बापावर कुणी ओरडतं का?" आयुष्यभर तुझ्या वाटचं ओरडणं मी खाल्लं, रोडा. मी तक्रार केली नाही. खरं तर पुष्कळदा केली, पण तुला दिलेलं नाव काढून घ्या असं कधी म्हणाले नाही. आईला तिचा बाप परत मिळाला होता. मला माझी आई नको आहे का?

आता अंतराचं ऐक, कारण दर फोनला तू अंतर पुढे करतेस. "ताई, किती लांब पडतं गं, तान्ह्या पोरीला घेऊन कशी येऊ?" बावीस वर्षं मी या धावपट्टीच्या खोलीत बसून विमानांना वारा आणि ढग सांगतेय, मला अंतर शिकवू नकोस. तिकिराकच्या धावपट्टीपासून कांगिकच्या धावपट्टीपर्यंत दोनशे चाळीस किलोमीटर. विमानाला पन्नास मिनिटं. वारा पाठीशी असेल तर पंचेचाळीस. आईचं माप वेगळं होतं. ती म्हणायची, इथे सीलच्या मटणाचं पातेलं चढवून निघावं, तर तिकडे उतरेपर्यंत ते धड शिजतही नाही. विमानात बसून कंटाळा यायलाही वेळ मिळत नाही अशी तिची खरी तक्रार होती. तिच्या लहानपणी याच वाटेला कुत्र्यांच्या गाडीने चार मुक्काम पडायचे आणि त्या चार मुक्कामांच्या गोष्टी तिला जन्मभर पुरल्या. दर दोन आठवड्यांनी ती माशाचं खोकं घेऊन माझ्या खोलीत यायची आणि वैमानिकाला दम द्यायची, "हे माझ्या बाबांना नेऊन दे, आणि वितळलं तर मी तुला विचारीन." सहा फुटी माणूस बिचारा हो हो म्हणत खोकं स्वतःच्या पायाशी ठेवायचा.

जानेवारीपासून ती फेरी बंद केली. बंद करायच्या आधी दक्षिणेतल्या कुठल्याशा कचेरीतून एका पोरसवदा साहेबाचा मला फोन आला. नकाशा समोर ठेवून बोलत असावा. म्हणाला, या दोन गावांमध्ये लोक खरंच ये-जा करतात का? मी म्हटलं, लोक कुठले, आमच्या आया आणि बहिणीच करतात. त्याला ते कळलं नाही. त्याने आभार मानले आणि फेरी रद्द केली. आता इथून निघायचं, बाराशे किलोमीटर दक्षिणेला इकालुइतला जायचं, तिथे रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी हजार किलोमीटर पुन्हा उत्तरेला चढायचं. हवा चांगली असेल तर दोन दिवस. आणि इकालुइतची हवा कशी असते ते तुला माहीत आहे, बाळंतपणाला गेलीस तेव्हा चार दिवस तिथल्या वसतिगृहात माश्या मारत बसली होतीस. तुझ्या दारातून माझ्या दारात यायला बावीसशे किलोमीटर. त्या साहेबाचा विचार आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्याचं तोंड मी पाहिलेलं नाही आणि त्याला माझं नावही आठवत नसेल. तुझं तोंड मला पाठ आहे, म्हणून सगळं तुझ्यावर निघतंय. निघू दे.

तू म्हणशील, फेरी चालू होती तेव्हा तरी ताई कुठे आली? लिहायचे कष्ट घेऊ नकोस, मीच लिहिते. आले नाही. ऑक्टोबर संपला, नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. तू पोटुशी होतीस, आईला एकटीने पुरून आली होतीस, आणि मी पन्नास मिनिटांवर होते आणि आले नाही. दर आठवड्याला ते विमान माझ्या खिडकीसमोर उभं राहायचं आणि मी त्याला वारा सांगून रवाना करायचे.

गेल्या गुरुवारी फोनवर तू जे बोललीस ते मी या पत्रात आणणार नव्हते. पहिले तीन कागद त्यामुळेच फाटले, कारण तिन्हींवर ते आपोआप आलं. मी नेहमीसारखी आरडाओरडा करत होते, की आईचं नाव तू अडवून धरलंयस, तू कोण अडवणारी. आणि तू एकदम थंड आवाजात म्हणालीस, "आई तिकिराकलाच उतरणार होती ताई. तूच परत पाठवलंस तिला." मी फोन ठेवला. त्यानंतर तू दोनदा केलास तो मी उचलला नाही. पौलुसीने उचलला आणि मी बाहेर आहे असं सांगितलं. मी तिथेच त्याच्या समोर खुर्चीवर बसले होते.

मग आता ऐकच, रोडा, कारण त्या दिवशीचं तुला तुझ्या बाजूचं माहीत आहे. माझ्या बाजूचं मी कुणाला सांगितलेलं नाही, पौलुसीलाही नाही.

त्या दिवशी कामावर मोसेसी असणार होता. मी त्याच्याकडून पाळी मागून घेतली. तीन महिने आई दक्षिणेतल्या दवाखान्यात होती, दर फोनला एकच विचारायची, "खाडीवर बर्फ धरला का गं?" डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी पाठवायला तयार झाले तेव्हा मला वाटलं, तिला खाली बोलावणारा आवाज माझा असावा. हौस माझी. विमान कांगिकला थांबलं, तू धावपट्टीवर जाऊन तिला भेटलीस, वाळवलेला मासा दिलास, आणि विमान इकडे निघालं. इथे सगळं गाव धावपट्टीच्या कुंपणाशी गोळा झालं होतं, चारचाकी होंडांची ही रांग लागलेली, पौलुसीने आईची खुर्ची ट्रेलरला बांधून आणलेली. तिसाव्या मिनिटाला खाडीवरून धुकं उठलं. चाळिसाव्या मिनिटाला मला कुंपणाशी उभी माणसं दिसेनाशी झाली.

आमचं मोजमाप साधं असतं. खिडकीतून तेलाच्या टाक्या दिसल्या की अर्धा मैल. चर्चचा दिवाच तेवढा दिसला तर पाव. उतरायला अर्धा लागतो. डोक्यावर विमानाची घरघर आली आणि वैमानिक लुकने रेडिओवरून विचारलं, "कूनू, काय दिसतंय?" मी म्हटलं, पाव. तो एक फेरा मारून आला. परत विचारलं, परत पाव. तिसऱ्या फेऱ्याला मी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होते आणि मला टाकीची कड दिसली. दिसली, की दिसावी असं वाटलं म्हणून दिसली, हे मला आजही सांगता येत नाही. अर्धा म्हटलं असतं तर तो खाली आला असता. लुक म्हणाला, "तुझी आई माझ्या पाठीमागच्याच सीटवर आहे. विचारतेय, कूनू काय म्हणते?" विमानात अकरा माणसं होती, त्यातली तीन पोरं. मला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की दिसतं ते सांगायचं, हवं ते सांगायचं नाही. मी म्हटलं, सांग तिला, पाव मैल. मग ती घरघर पूर्वेला, परत कांगिककडे गेली आणि बराच वेळ ऐकू येत राहिली. कुंपणाशी उभी माणसं होंडा चालू करून एकेक करत घरी गेली. कुणी मला दोष दिला नाही. खोलीत डोकावूनही कुणी पाहिलं नाही. पौलुसीने रिकामी खुर्ची तशीच बांधलेली परत नेली.

पाच दिवस धुकं आणि बर्फ. सहाव्या दिवशी सकाळी आभाळ असं मोकळं, की समोरच्या किनाऱ्यावरचे दगड मोजावेत. मी लुकला मोठ्या आवाजात पंधरा मैल सांगत होते, आणि तेवढ्यात बाजूचा फोन वाजला. तो तुझा होता. आई पहाटे गेली असं तू सांगितलंस.

त्या दिवशी विमान आलं. तासभर थांबलं. त्यात जागा होती. मोसेसी पळत आला आणि म्हणाला, "जा गं तू, मी बसतो इथे, उशीर करू नको." मी त्याला म्हटलं, माझी पाळी आहे. आजवर सगळ्यांना मी हेच सांगितलंय, की पाळी सोडता आली नाही म्हणून मातीला जाता आलं नाही. पाळीचं काय घेऊन बसलीस! मला तिचं तोंड पाहायचं धैर्य नव्हतं. मिटलेले डोळेही बघवले नसते. अंतर पुढे करायला मी तुझ्याआधी सुरुवात केली, रोडा, तू नुसती माझी नक्कल करतेयस. लहानपणापासून करत आलीस.

मी बरोबरच सांगितलं होतं का? हो. परत तसं धुकं आलं तर परत तेच सांगेन का? हो. मला त्याचा राग येतो, तुझा येतो, त्या साहेबाचा येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो त्या टाकीचा. रोज सकाळी कामाला बसले की ती समोर स्वच्छ दिसते, गंज चढलेली, तिच्यावर पोरांनी रंगाने काहीबाही लिहिलेलं. बघायला नको असं वाटून मी खुर्ची वळवून बसते आणि मग पुन्हा वळवावी लागते, कारण तेच माझं काम आहे.

आईला लुकने माझं उत्तर सांगितल्यावर ती काय म्हणाली, हे मला माहीत नाही. लुकची दुसरीकडे बदली झाली, मी त्याला विचारलं नाही. तुझ्या घरी ती सहा दिवस होती. माझ्याबद्दल ती काहीतरी बोलली असणार, गप्प बसणं तिला कधी जमलंच नाही. मी तुला कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. गुरुवारी तू ते वाक्य बोललीस तेव्हा मला वाटलं, हे आईचंच वाक्य तू माझ्या तोंडावर मारलंस. मग वाटलं, नाही, आईने मारलं असतं तर आणखी मोठ्याने मारलं असतं. चार दिवस माझं हेच चाललंय, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

आता या पत्राचं खरं कारण. मी सहा आठवडे तुझ्यावर ओरडतेय की नाव दे, नाव दे. पण बाळ झाल्याचा तुझा पहिला फोन आला आणि तू सांगितलंस की कपिक नाव दिलंय, तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. राग नंतर आला, मीच ओढून आणला. कारण नाव दिलंस की ती आई होईल, आणि आई होईल म्हणजे एक दिवस माझ्याकडे बघेल. तुलाही हे आतून कळलं असणार, माझ्यासाठीच तू 'बघू, बघू' करत राहिलीस, असं मला आता वाटायला लागलंय, आणि तसं असेल तर त्याचाही मला राग येतोय. गुरुवारी मी फोन ठेवायच्या आधी तुझ्या मागे ती रडताना ऐकू आली. रडता रडता मध्येच थांबून, दम घेऊन, पुन्हा चिडून सुरू. किटली उकळायला उशीर झाला की आई अशीच करायची. माझ्या भीतीपायी तिला अशी दारात ताटकळत ठेवायला नको होतं, एकदा ठेवली तेवढं पुरे. हे पत्र जेपिती घेऊन येतोय, तो उद्या सकाळी बर्फगाडीने निघतोय, परवापर्यंत तुझ्याकडे पोचेल. मी आणि पौलुसी गुरुवारी निघतो, शनिवारी पोचू. बर्फ अजून पक्का आहे आणि बर्फावरून जायला मला कुणा साहेबाला विचारावं लागत नाही. पत्र पोचेल तेव्हाच तिच्या कानात आईचं नाव सांग, उयाराक म्हणून, मी यायची वाट पाहू नकोस. मी आल्यावर आपण नव्या बाळाचा हात हातात घेतो तसा तिचा हात घेईन. तिने धरला तर धरला, तोंड फिरवून रडली तर रडू दे, तो तिचा हक्क आहे. ते सहा दिवस ती काय म्हणाली ते तू मला सांगू नकोस, मी तिलाच विचारीन. फक्त तोवर तिला रोज सांगत राहा, की तुझी थोरली मुलगी निघाली आहे, दोन मुक्काम लागतील, आणि या वेळी धुकं असलं तरी ती येणार आहे.

तुझीच, अजून रागावलेली,
कूनूताई